टोपी घातली म्हणजे देश कळत नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, ऊन तापायला लागलं होतं. एका शाळेत स्काऊट-गाईडचा कार्यक्रम होता आणि मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तिथं जे झालं ते आपल्याकडं कितीतरी शाळांत होतं. कार्यक्रमाचं नाव होतं ‘जगाची सफर’. एकेक मूल एकेका देशाच्या वेशात मंचावर यायचं, दोन वाक्यं बोलायचं आणि टाळ्या घेऊन जायचं. इंग्लंडची हॅट येऊन गेली, मेक्सिकोची मोठ्या काठाची टोपी येऊन गेली. जपान आला तो डोळ्यांच्या कडांना चिकटपट्टी लावून, डोळे बारीक करून, कमरेत वाकत वाकत. सगळे हसले. मग अरबस्तान आला. त्या पोराला कापसाची दाढी लावली होती आणि हातात प्लॅस्टिकची तलवार दिली होती. त्यानं तलवार फिरवली आणि एक आरोळी ठोकली. सगळे पुन्हा हसले. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ मात्र माझ्याकडं बघून जरा अवघडले. मी टाळ्या वाजवल्या. पोराची काय चूक होती?

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला जवळ बोलावलं. विचारलं, “बेटा, अरबस्तानातली मुलं सकाळी न्याहारीला काय खातात रे?” तो विचारात पडला. मग म्हणाला, “चाचा, तिथं मुलंपण असतात?”

त्याचा हा प्रश्न मी घरी घेऊन आलो. त्या दिवशी त्यानं एक अख्खा प्रदेश अंगावर चढवला होता, पण तिथं आपल्याएवढी पोरं असतात, ती शाळेत जातात, आईच्या हातचा मार खातात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलांना दुसऱ्या देशाची ओळख करून द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी या दिवसाविषयी थोडं सांगतो. २२ फेब्रुवारी हा स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस, साल १८५७. योगायोग असा, की त्यांच्या पत्नी ओलेव्ह यांचा जन्मही २२ फेब्रुवारीचाच, साल १८८९. १९२६ साली अमेरिकेत भरलेल्या गाईडच्या जागतिक परिषदेत ठरलं, की या दिवशी जगभरच्या गाईड मुलींनी एकमेकींची आठवण काढायची. म्हणून नाव पडलं चिंतन दिन. बघा, नावात चिंतन आहे, वेशभूषा नाही.

आपल्या देशात ही चळवळ आली ती मात्र भेद घेऊनच आली. १९०९ साली बंगळूरला पहिली स्काऊट पथकं निघाली, १९११ साली जबलपूरला गाईडचं पथक निघालं. पण ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींसाठी. आपल्या मुलांना प्रवेश नव्हता. ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासकडं हिंदी मुलांसाठी वेगळी संघटना काढली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडही तीत सामील झाल्या. सगळी माणसं भाऊ-भाऊ असं शिकवणाऱ्या चळवळीलाही दार उघडायला एवढा वेळ लागला.

पण याच चळवळीतली एक फार सुंदर जागा आपल्या महाराष्ट्रात आहे आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती ठाऊक नाही. पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ नावाचं केंद्र आहे. गाईडच्या जागतिक संघटनेनं निरनिराळ्या देशांतल्या मुलींनी एकत्र राहावं म्हणून काही केंद्रं उभी केली. १९३२ साली स्वित्झर्लंडमध्ये, १९५७ साली मेक्सिकोत, आणि आशियातलं पुण्यात. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी खुद्द ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. देशोदेशींच्या मुली तिथं येऊन राहतात आणि आपला देश बघतात.

पुढं आमच्या करमाडच्या गाईडच्या बाई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “भाई, चिंतन दिनासाठी मुलांची तयारी करून द्या. तुम्ही कवी आहात, तुम्हाला जगाचं माहीत असतं.” आता कवीला जगाचं काय माहीत असतं ते कवीच्या घरच्यांना विचारावं! मी साधा बी.ए. झालेला माणूस, परदेश कधी पाहिला नाही. पण मी हो म्हणालो आणि एक अट घातली. दहा देश नकोत, एकच देश. एका दुपारी नको, चार रविवार द्या. आणि टोपी, मिशा, दाढी काही नको. बाई म्हणाल्या, “मग पालकांना दाखवायचं काय?” मी म्हटलं, “ते मुलांनाच ठरवू द्या.”

पहिल्या रविवारी देशाचं नावच काढलं नाही. मुलांना म्हटलं, समजा पुण्याच्या त्या ‘संगम’मध्ये लांबून एक मुलगी आलीय. ती उद्या करमाडला येणार. तिला आपली ओळख कशी करून द्याल? हात भराभर वर झाले. फेटा बांधू. लेझीम दाखवू. पुरणपोळी खाऊ घालू. फळ्यावर सगळं लिहिलं. मग एक पोरगा जरा थांबून म्हणाला, “पण चाचा, आपण फेटा रोज बांधतो असं तिला वाटलं तर?” बस, मला हेच हवं होतं. मग दुसरी यादी सुरू झाली. कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बुडते. उन्हाळ्यात टँकर येतो. वडील शेंद्र्याला कंपनीत रात्रपाळी करतात म्हणून दिवसा घरात आवाज करायचा नाही. मोसंबीची बाग आजोबांनी पाण्यावाचून तोडली. रेल्वे गेली की आजी वेळ सांगते. ही यादी पहिल्या यादीच्या तिप्पट झाली. मी म्हटलं, “आता सांगा, पहिल्या यादीतलं करमाड खरं की दुसऱ्या?” मुलं म्हणाली, दोन्ही खरी, पण दुसरं जास्त आपलं. माझ्या मते दुसऱ्या देशाची ओळख इथून सुरू होते. आपली ओळख फक्त फेट्यावरून व्हावी हे ज्याला खटकलं, तो दुसऱ्याला फक्त टोपीवरून ओळखणार नाही.

देश निवडला जपान. कारण सोपं होतं. आमच्या जिल्ह्यात अजिंठा आहे, तिथं जपानी यात्रेकरू येतात आणि सहलीला गेलेल्या मुलांनी ते पाहिले होते. ओळखीचा एक तरी धागा गावापर्यंत पोहोचत असेल तर मुलं तो धरून पुढं जातात. आपल्याला जपानच घ्यायला हवा असं नाही. आमच्या शेजारी शेंद्र्याला २००१ सालापासून चेक देशाच्या स्कोडा कंपनीच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्या देशाची ओळख करून देता येईल. ‘रोबो’ म्हणताना आपण जो ‘रोबोट’ शब्द वापरतो तो चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला, हे ऐकून कुठलंही पोरगं कान टवकारेल. नगरच्या, सांगलीच्या, चंद्रपूरच्या माणसाला त्याच्या गावातला धागा सापडेल.

दुसऱ्या रविवारी घड्याळापासून सुरुवात केली. जपानचं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास. आपण सकाळी सात वाजता दात घासत असतो तेव्हा तिथं साडेदहा वाजलेले असतात, शाळा रंगात आलेली असते. शाळेचं वर्ष तिथं एप्रिलमध्ये सुरू होतं, आपलं जूनमध्ये. बाहेरची पादत्राणं दारात काढून शाळेत वेगळी घालायची. दुपारी जेवण वर्गातच, आणि वाढणारी मुलंच. जेवणाआधी सगळे हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात. हे अन्न मी नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा साधारण अर्थ. एक मुलगी म्हणाली, आम्ही खिचडीच्या आधी श्लोक म्हणतो. दुसरी म्हणाली, आमच्या घरी बिस्मिल्ला म्हणतात. तीन भाषा झाल्या, भाव एकच निघाला, आणि हे मला सांगावं लागलं नाही.

मग मी सांगितलं, की तिथं वर्ग, जिने, व्हरांडे मुलं रोज स्वतः झाडतात, पुसतात. मुलं आणि मुली दोघंही. इथं भांडण पेटलं. एक मुलगा म्हणाला, “आपल्याकडंपण झाडतात की!” लगेच मागून मुलीचा आवाज आला, “आम्ही झाडतो. तुम्ही कधी झाडता?” दहा मिनिटं खडाजंगी झाली. बाई आवरायला निघाल्या, मी म्हटलं, चालू द्या. जपानची ओळख करून घेता घेता आमच्याच व्हरांड्यातला झाडू कुणाच्या हातात असतो ते दिसलं. दुसरी संस्कृती शिकायची ती एवढ्यासाठीच. आपल्याकडं जे ‘असंच असतं’ म्हणून चालतं, ते दुसरीकडं तसं नसतं, हे कळण्यासाठी. पुढच्या आठवड्यापासून पाळ्या लागल्या आणि झाडू मुलांच्या हातातही आला. पहिल्या दिवशी धूळच जास्त उडाली, तो भाग सोडा.

त्याच दिवशी ‘तोत्तोचान’ची गोष्ट सांगितली. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे १९८१ सालचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत आणलं आहे. लेखिकेच्या लहानपणची तोमोए ही तोक्योमधली खरीखुरी शाळा. तिचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरायचे. आमचं करमाड रेल्वे स्टेशनचं गाव, त्यामुळं डब्यातली शाळा म्हटल्यावर पोरं उठून उभीच राहिली. त्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी मुलांच्या डब्यात समुद्राचं काहीतरी आणि डोंगराचं काहीतरी असावं असा आग्रह धरायचे. मी विचारलं, आपल्या डब्यात समुद्राचं काय? समुद्र आमच्यापासून किती लांब! मुलं गप्प. मग सगळ्यात मागं बसणारी एक लहान मुलगी हळूच म्हणाली, “मीठ.” मी गोष्ट तिथंच थांबवली आणि तिला पुढं बसवलं. ती शाळा १९४५ साली युद्धात बॉम्बहल्ल्यात जळाली, हे पुढच्या वेळी सांगितलं.

तिसरा रविवार अजिंठ्याचा. इथं मला एका चित्रकाराची ओळख करून द्यायची होती. त्यांचं नाव आराई काम्पो. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून ते १९१६ साली भारतात आले. अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. तेव्हा तिथवर जाणंही सोपं नव्हतं. आज आपण गाडीनं दोन-तीन तासांत जातो आणि बाहेर भेळ खाऊन परत येतो! त्या नकला जपानला गेल्या, तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या, आणि १९२३ सालच्या भूकंपात नष्ट झाल्या. एवढी मेहनत वाया गेली, मुलं हळहळली.

पण गोष्ट इथं संपत नाही. जपानात नारा भागात होर्यूजी नावाचं फार जुनं बौद्ध मंदिर आहे. तिथल्या भिंतींवर तेराशे वर्षांपूर्वीची चित्रं होती. त्यातल्या बोधिसत्त्वाचा चेहरा बघून जाणकारांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवतो. ही चित्रं विरत चालली म्हणून १९४० साली त्यांच्या नकला करायचं काम सुरू झालं, तेव्हा ते ज्या चित्रकारांवर सोपवलं त्यात हेच आराई काम्पो होते. १९४५ साली ते वारले, काम पुढं चालू राहिलं. आणि ते चालू असतानाच एका पहाटे मंदिराला आग लागली, चित्रं होरपळली. तारीख होती २६ जानेवारी १९४९. त्या धक्क्यातून जपाननं पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. १९५५ सालापासून तिथं २६ जानेवारीला आगीपासून वारसा वाचवण्याचा दिवस पाळतात. देवळादेवळांतून पाण्याचे फवारे उडवून सराव करतात. म्हणजे आपण करमाडला झेंडा फडकावत असतो, त्या दिवशी तिथं जुन्या मंदिरांवर पाणी उडत असतं. एका मुलानं विचारलं, “मग अजिंठ्यात मागच्या सहलीला आपल्यातल्या एकानं भिंतीला हात लावला होता, त्याचं काय?” कुणी लावला होता ते सगळ्यांना माहीत होतं. तो खाली बघत होता. मी त्याला काही बोललो नाही.

चौथा रविवार अवघड होता. कारण एका देशाचं कौतुक करत गेलं की मुलांना वाटतं, तिथं सगळं छानच आहे. हिरोशिमाची गोष्ट झाली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तिथं अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. दहा वर्षांनी तिला रक्ताचा कर्करोग झाला. दवाखान्यात पडल्या पडल्या ती कागदाचे पक्षी करायची. १९५५ साली ती बाराव्या वर्षी गेली. तिच्या सोबत्यांनी खटपट केली आणि १९५८ साली हिरोशिमात बालकांचं शांतिस्मारक उभं राहिलं. मुलं गंभीर झाली. मग मी दुसरी गोष्ट काढली, आपल्या सोलापूरची. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. कशासाठी? चीनवर आक्रमण झालं होतं, जखमींवर उपचार करायला. तिथं राबता राबता ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. वय अवघं बत्तीस. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक आहे. एका मुलीनं विचारलं, “चीनवर आक्रमण कुणी केलं होतं?” मी म्हणालो, “जपाननं.”

वर्ग शांत झाला. मग तिनंच विचारलं, “मग चाचा, जपान चांगला का वाईट?”

मोठी माणसं या प्रश्नाचं उत्तर चटकन देऊन टाकतात. मी तिलाच म्हटलं, “तू सांग, सादाकोनं आक्रमण केलं होतं का?” ती नाही म्हणाली. “आणि ज्यांनी केलं ते जपानचेच होते ना?” ती हो म्हणाली. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “म्हणजे माणसं निरनिराळी विचारायला पाहिजेत.” तिचं वाक्य जरा ओबडधोबड होतं, पण मला त्यात काही दुरुस्त करावंसं वाटलं नाही. एका देशातली सगळी माणसं एका दोरीत बांधून चांगली किंवा वाईट ठरवता येत नाहीत, हे तिला स्वतःच्या पायांनी चालत जाऊन कळलं होतं.

चिंतन दिनाला मुलांनी काय दाखवलं, तर दोन फळे शेजारी-शेजारी मांडले. एकावर करमाडच्या मुलीचा दिवस, दुसऱ्यावर तोक्योच्या मुलीचा. घड्याळ, न्याहारी, झाडू, डबा, जेवणाआधीचे शब्द, भीती कशाची वाटते, आई कशावरून रागावते. मधे अजिंठा आणि होर्यूजी. काही पालकांना ते फिकं वाटलं. एक जण म्हणाले, “नाच असता तर बरं झालं असतं.” असू द्या. पण बरेच जण उभं राहून वाचत होते.

जे शिक्षक, पालक हे करू पाहतात त्यांना अनुभवावरून एवढंच सांगेन. देश एकच घ्या. राजधानी, झेंडा, नाणं हे शेवटी घ्या, आधी तिथल्या मुलांचा दिवस घ्या. नक्कल करायची तर कामाची करा, चेहऱ्याची करू नका. डोळे, रंग, केस, दाढी यांचं सोंग काढलं की मुलं हसायला शिकतात, ओळखायला नाही. त्या देशातलं कुणी समोर बसलं असतं तर हे आपण केलं असतं का, असं स्वतःला विचारा. गोड गोष्टीबरोबर अवघड गोष्टही सांगा. आणि मुलांचा प्रश्न अडचणीत टाकणारा असला तरी तो पुरता ऐकून घ्या.

आता थोडं माझं. मी चाळीस वर्षं मराठीत लिहितो. माझी आई मराठीत रागवायची आणि दखनीत लाड करायची, त्यामुळं या दोन्ही भाषा मला घरच्याच. तरीही संमेलनात कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी प्रेमानं खांद्यावर हात ठेवून म्हणतं, “तुम्ही मराठी किती छान बोलता!” म्हणणाऱ्याचं मन साफ असतं. पण ज्याच्या घरात जन्मलो त्या घरात पाहुणा म्हणून सरबत मिळावं, तसं वाटतं. कापसाची दाढी लावलेल्या त्या पोराचा प्रश्न मला लागला तो यामुळं. ‘तिथं मुलंपण असतात?’ हा प्रश्न फक्त अरबस्तानाबद्दलचा नव्हता. आमच्या गल्लीपासून त्याची गल्ली दहा मिनिटांवर होती.

त्या वर्षी चिंतन दिनानंतर आठ-पंधरा दिवसांनी संध्याकाळी दार वाजलं. मिठाचं उत्तर देणारी ती लहान मुलगी वही घेऊन उभी होती. बरोबर तिचा भाऊ. म्हणाली, “चाचा, पुढच्या वेळेसाठी मी आताच सुरुवात केलीय. तुमच्या घरात सकाळी पहिलं कोण उठतं?”

मी म्हटलं, “ते मला काय विचारतेस, जी उठते तिला विचार.” आणि आत हाक मारली. बायको पदराला हात पुसत बाहेर आली. मुलीनं वही उघडली, वर आमचं नाव लिहिलं आणि खाली प्रश्न लिहायला लागली. पहिला प्रश्न न्याहारीचा होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)